कर्नल बदलल्यावर वायफाय, ग्राफिक्स किंवा डिस्क मंदावली तर: तपासण्यांचा क्रम

उबुंटू २२.०४ या लिनक्सवर ५.१५ कर्नल (हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा लिनक्सचा गाभा) गुमान चालत होता. अपडेट आले, ६.५ किंवा ६.८ बसला, मशीन रीस्टार्ट झालं आणि तेव्हापासून काहीतरी रांगायला लागलं. हीच तक्रार दर मोठ्या कर्नलबरोबर परत येते आणि कारणं दर वेळी त्याच पाच-सात जागी सापडतात. बहुतेकदा ड्रायव्हर (एखादं उपकरण चालवणारा प्रोग्राम) तोच राहून संथ झालेला नसतो. त्याच्या जागी दुसराच ड्रायव्हर बसलेला असतो, किंवा कुठलाच बसलेला नसतो आणि सगळं काम प्रोसेसर एकटा ओढत असतो.

खालचा क्रम उबुंटू, मिंट आणि डेबियन धरून लिहिला आहे. फेडोरावर पॅकेजांची नावं बदलतील, तपासण्या त्याच. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

लक्षणं

नेमकं काय मंद आहे हे आधी ठरवा. ‘कॉम्प्युटर स्लो झाला’ एवढ्यावर काहीच शोधता येत नाही.

- विंडो ओढली की मागे फरफटत येते, यूट्यूब अडखळतं, पंखा मात्र जोरात फिरतो. ‘टॉप’मध्ये डेस्कटॉपचीच प्रोसेस सगळ्यात वर. ग्राफिक्सचं काम कार्डाऐवजी प्रोसेसर करतो आहे.
- वायफायच्या दांड्या पूर्ण, पण वेग दोन-तीन एमबीपीएस. घरच्या राउटरला पिंग केलं तर कधी ३ मिलिसेकंद, कधी ३००. वीज वाचवण्याची सेटिंग किंवा चुकीचा ड्रायव्हर.
- लॅनचा वेग ९४-९५ एमबीपीएसवर जाऊन थांबतो आणि एक घर पुढे सरकत नाही. गिगाबिटची जोडणी १०० वर उतरली आहे.
- बाहेरची यूएसबी डिस्क ३०-४० एमबी प्रति सेकंदाला अडते. यूएसबी २ चा वेग.
- टर्मिनल उघडायलासुद्धा वेळ, माऊससुद्धा जड. एका उपकरणाचा दोष नाही. प्रोसेसरची गती किंवा घड्याळाचा स्रोत पाहायचा.
- रोजच्या वापरात फरक नाही, पण डेटाबेस किंवा कंपाइलला आधीपेक्षा १०-१५ टक्के जास्त वेळ. हे बहुधा सुरक्षेच्या उपायांचं भाडं असतं.

एक: फुकटातल्या गोष्टी

रीस्टार्ट नको, पूर्ण बंद करा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा, पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून धरा, मग सुरू करा. वायफायच्या चिपमध्ये स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतला छोटा प्रोग्राम, चालतं आणि साध्या रीस्टार्टला चिपचा वीजपुरवठा तुटतोच असं नाही. जुन्या ड्रायव्हरनं सोडलेल्या अवस्थेत चिप अडकून बसते आणि नव्याला ती नीट जागी करता येत नाही. शेजारी विंडोज असेल तर तिथलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज शटडाउन होत नाही, अर्धवट झोपतं, आणि उपकरणं तशीच सोडून देतं.

मग पहिली २० मिनिटं मशीनला हात लावू नका. अपडेटनंतर फाइलींची नवी सूची बनत असते, स्नॅपचे अपडेट उतरत असतात. सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) असेल तर ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’ पाहा. बंद होताना गडबड झाली असेल तर रेड पुन्हा जुळवण्याचं काम कित्येक तास चालतं आणि तेवढा वेळ डिस्क मंदच राहणार. डेबियन महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर रेडची तपासणी स्वतःहून सुरू करतं. सोमवारी सकाळी ऑफिसात येणाऱ्या ‘सर्व्हर स्लो आहे’ या तक्रारीचं कारण कधीकधी एवढंच असतं.

‘डीएफ -एच /बूट’ द्या. बूटचं पार्टिशन वेगळं असेल आणि १०० टक्के भरलं असेल तर नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (सुरू होताना लागणारे ड्रायव्हर असलेली) अर्धवट लिहिली गेलेली असू शकते. मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’ पुढे जातच नाहीत, किंवा त्यात अडकलेलं काम दिसतं. जागा करताना सगळ्यात जुना कर्नल काढा, आत्ता चालू असलेला आणि त्याच्या आधीचा नको.

शेवटी ‘कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन’. कर्नलला सुरू होताना दिलेले पर्याय इथे दिसतात. दोन-तीन वर्षांपूर्वी कुठली तरी अडचण सोडवायला टाकलेला ‘नोमोडसेट’ इथे आरामात बसलेला सापडतो. तो असेपर्यंत ग्राफिक्सचा ड्रायव्हर काम सुरूच करणार नाही. ‘एसीपीआय=ऑफ’ आणि ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ हीही त्याच घरची मंडळी. जुने पर्याय काढून एकदा स्वच्छ सुरू करून पाहा.

दोन: दोष कर्नलचाच आहे का?

ही तपासणी टाळली की पुढचे दोन दिवस फुकट जातात. कर्नलबरोबर त्याच दिवशी फर्मवेअर, मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) आणि आणखी पन्नास पॅकेजं बदललेली असतात. शिवाय रोज नुसतं झाकण मिटून ठेवलं जाणारं मशीन त्या दिवशी कदाचित दोन महिन्यांनी रीस्टार्ट झालेलं असतं. खराब केबल, धूळ खाल्लेला पंखा, मरायला टेकलेली डिस्क, सगळ्यांचा मुहूर्त तोच.

सुरू होताना यूईएफआयच्या मशीनवर एस्केप टिचकवा, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा. ग्रब (कर्नल निवडून सुरू करणारा प्रोग्राम) याच्या मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल असतो. एस्केप दोनदा दाबला गेला आणि नुसता ‘ग्रब>’ असा काळा पडदा आला तर घाबरू नका. ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदाच एस्केप दाबा. आत गेल्यावर ‘युनेम -आर’नं खरोखर कोणता कर्नल चालू आहे ते बघा.

दोन्ही कर्नलवर एकच मोजमाप तीन-तीनदा घ्या. नेटवर्कसाठी वेबसाइटवरची स्पीड टेस्ट नको, कारण रात्री नऊला केबलवाल्याची लाइनच तुंबलेली असते. घरातल्याच दुसऱ्या मशीनवर ‘आयपर्फ३’ चालवून मोजा. डिस्कसाठी ‘सुडो एचडीपार्म -टी’ आणि पुढे डिस्कचं नाव. यातला ‘टी’ लहान लिपीतला हवा. मोठ्या ‘टी’नं डिस्क नाही, मेमरी मोजली जाते आणि आकडा बघून उगाच समाधान होतं. ग्राफिक्ससाठी ‘जीएलएक्सइन्फो -बी’.

दोन्ही वेळी ‘सुडो डीमेसेज’चं, म्हणजे कर्नलच्या नोंदींचं, आउटपुट वेगवेगळ्या फाइलींत साठवा. पुढच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीत या दोन फाइली शेजारीशेजारी ठेवून वाचायच्या आहेत. शोध संपेपर्यंत ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ चालवू नका. त्यात तुलनेचा जुना कर्नल जाऊ शकतो.

जुन्या कर्नलवरही तेवढंच मंद असेल तर कर्नल निर्दोष. थेट पाचव्या, केबलच्या भागाकडे आणि शेवटच्या ‘कुठे हात थांबवायचा’ या भागाकडे जा.

तीन: गादीवर कोण बसलं आहे?

सगळ्यात जास्त दोष इथेच सापडतात, म्हणून इथे घाई नको.

‘एलएसपीसीआय -के’ द्या. प्रत्येक उपकरणाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ येते. जुन्या कर्नलवरची ओळ आणि नव्यावरची ओळ सारखी आहे का ते पाहा. नव्यावर ती ओळच नसेल तर त्या उपकरणाला ड्रायव्हर मिळालेला नाही.

एनव्हिडियाचं उदाहरण घेऊ. जुन्या कर्नलवर ‘एनव्हिडिया’, नव्यावर ‘नूव्हो’ असं दिसलं तर प्रश्न तिथेच सुटला. नूव्हो हा मोफत ड्रायव्हर चित्र नीट दाखवतो, पण मॅक्सवेलच्या दुसऱ्या पिढीपासून, म्हणजे जीटीएक्स ९०० मालिकेपासून, कार्डाची गती वाढवायला एनव्हिडियाची सही असलेलं फर्मवेअर लागतं. ते नसल्यानं कार्ड सुरू होतानाच्या खालच्या गतीवरच राहतं. ट्युरिंग आणि त्यापुढच्या कार्डांसाठी ६.७ पासून जीएसपी फर्मवेअरची वाट उघडली आहे; मधल्या पिढ्यांना ती नाही. ‘जीएलएक्सइन्फो -बी’मध्ये ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर प्रकरण आणखी पुढे गेलेलं आहे: कार्ड बाजूला बसलं आहे आणि प्रत्येक ठिपका प्रोसेसर रंगवतो आहे.

मूळ ड्रायव्हर गेला कुठे? बाहेरून बसवलेले ड्रायव्हर प्रत्येक कर्नलसाठी नव्यानं बांधावे लागतात आणि ते काम डीकेएमएस करतं. ‘डीकेएमएस स्टेटस’ द्या. नव्या कर्नलच्या आकड्यासमोर ‘इन्स्टॉल्ड’ नसेल तर कारण या तिघांपैकी एक:

हेडर (ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) नाहीत. ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’ हे पॅकेज असेल तर प्रत्येक कर्नलबरोबर त्याचे हेडर आपोआप येतात. कुणी कधीतरी एकाच आवृत्तीचे हेडर हातानं बसवले असतील तर पुढच्या कर्नलला ते मिळत नाहीत. एचडब्ल्यूई (जुन्या उबुंटूवर नव्या हार्डवेअरसाठी मिळणारा नवा) कर्नल असेल तर हेडरचं पॅकेजही एचडब्ल्यूईचंच हवं.

कंपायलर (कोडपासून ड्रायव्हर बांधणारा प्रोग्राम) जुळत नाही. २२.०४ वरचा ६.५ आणि ६.८ हा एचडब्ल्यूई कर्नल जीसीसी १२ नं बांधलेला आहे, तर त्या उबुंटूचा नेहमीचा जीसीसी ११ आहे. बांधणी मोडते आणि लॉगमध्ये ‘एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट’ हा पर्याय ओळखता येत नाही अशी ओळ दिसते. ‘जीसीसी-१२’ बसवा आणि ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ पुन्हा चालवा. लॉग सापडतो तो /व्हार/लिब/डीकेएमएस खाली त्या मॉड्यूलच्या (ड्रायव्हरच्या) बिल्ड फोल्डरात, ‘मेक.लॉग’ नावानं.

ड्रायव्हरच म्हातारा झाला आहे. फर्मी पिढीच्या कार्डांना चालणारी ३९० ची शाखा २०२२ अखेर बंद झाली. नवा कर्नल आतून बदलत राहतो आणि जुना कोड त्याच्यावर बांधला जात नाही. इंटरनेटवर मिळणारी ठिगळं लावून एखादा कर्नल निभावतो, पुढच्याला परत तेच. असं कार्ड असेल तर जुन्या एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणाऱ्या) कर्नलवर थांबा, नाहीतर नूव्होवर समाधान माना. तिसरा मार्ग नवं कार्ड.

‘इन्स्टॉल्ड’ दिसतं आणि तरी ड्रायव्हर चढत नाही? मग सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेला कोड सुरू होऊ न देणारी सोय. ‘एमओकेयुटिल --एसबी-स्टेट’नं तो चालू आहे का कळतं. ‘सुडो मॉडप्रोब’ आणि मॉड्यूलचं नाव दिल्यावर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर आलं तर मॉड्यूलवरची सही मशीनच्या यादीत नाही. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलेला असतो आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडून तो द्यायचा असतो. तो निळा पडदा काही सेकंदच थांबतो. लोक चहा घ्यायला उठतात आणि तो निघून जातो. ‘सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी’नं उबुंटूवर तो परत बोलावता येतो.

वायफायमध्ये आणखी एक भानगड असते: एकाच चिपला दोन धनी. रिअलटेकची आरटीएल८८२१सीई ही स्वस्त लॅपटॉपांत सर्रास दिसणारी चिप. जुन्या कर्नलांत तिला ड्रायव्हर नव्हता, म्हणून लोक बाहेरून डीकेएमएसवाला बसवायचे. ५.९ पासून कर्नलच्या स्वतःच्या आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हरला ही चिप कळते. आता दोघंही हजर, आणि कोण आधी चिप पकडेल ते त्या-त्या वेळचं नशीब. म्हणूनच ‘कधी चांगलं चालतं, कधी नाही’ अशी तक्रार येते. एकाला /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये ब्लॅकलिस्ट करा, ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’ द्या, रीस्टार्ट करा. नवा कर्नल असेल तर आधी कर्नलच्या ड्रायव्हरला संधी द्यावी. बाहेरचा पुढच्या अपडेटला पुन्हा मोडणारच आहे.

ड्रायव्हर बाहेरचा नव्हता आणि तरी गायब झाला, तर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ हे पॅकेज नव्या कर्नलच्या आकड्यासकट बसलं आहे का पाहा. उबुंटू बरेच ड्रायव्हर मूळ पॅकेजात न ठेवता यात ठेवतं. फक्त ‘लिनक्स-इमेज’चं आकडेवालं पॅकेज हातानं उतरवलं की हे मागे राहतं.

चार: फर्मवेअर

नवा ड्रायव्हर नवं फर्मवेअर मागतो. ते नसेल तर तो जुन्यावर किंवा कमी सोयींवर चालतो. डीमेसेजमध्ये ‘फर्मवेअर’ शब्द शोधा. ‘फेल्ड विथ एरर -२’ म्हणजे फाइल सापडली नाही. मात्र इंटेलच्या वायफायवर ही ओळ दिसली म्हणून लगेच दोष ठरवू नका. आयडब्ल्यूएलवायफाय सगळ्यात नव्या आवृत्तीपासून एकेक पायरी खाली उतरत फाइल मागतो आणि मिळेपर्यंत प्रत्येक नकार नोंदवतो. शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ आलं की सगळं ठीक. ती ओळ आली नाही तरच काळजी. उपाय साधा: ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज अद्ययावत करणं. मेनलाइन (उबुंटूचे बदल नसलेला मूळ) कर्नल हातानं बसवलेल्या मशीनवर हे हमखास राहतं, कारण कर्नल २०२४ चा आणि फर्मवेअर २०२२ चं असा संसार चालू असतो.

पाच: केबल आणि जोडणीचा वेग

कर्नल जोडणीचा वेग लिहून ठेवतो. तो वाचायला काही खर्च नाही.

‘सुडो ईथटूल’ आणि लॅनकार्डाचं नाव दिलं की ‘स्पीड’ दिसतो. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चार पुरतात. एक तार उंदरानं कुरतडली किंवा क्लिप तुटून प्लग सैल झाला की जोडणी गपचूप १०० वर उतरते आणि चालू राहते. जुना ड्रायव्हर सैल जोडणी रेटत होता, नवा जरा काटेकोर निघाला, असंही होतं. दुसरी केबल लावून पाहणं हे पाच मिनिटांचं काम आहे.

साटा डिस्कसाठी डीमेसेजमध्ये ‘साटा लिंक अप’ शोधा. पुढे ६.० जीबीपीएस हवं. सहाच्या डिस्कसमोर ३.० किंवा १.५ असेल आणि वर ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड’ अशी ओळ असेल, तर चुका झाल्यामुळे कर्नलनं मुद्दाम वेग उतरवला आहे. केबल काढून घट्ट बसवा किंवा बदला. दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत पावसाळ्यात, संपर्कांवर थर चढतो आणि नुसतं काढून-घालूनही फरक पडतो.

यूएसबी डिस्कसाठी ‘एलएसयूएसबी -टी’. डिस्कच्या ओळीत ५००० एम हवं. ४८० एम दिसलं तर ती यूएसबी २ वर आहे. त्याच ओळीत ड्रायव्हर ‘यूएएस’ की ‘यूएसबी-स्टोरेज’ तेही दिसतं. यूएएस एका वेळी अनेक मागण्या पाठवतो, म्हणून वेगवान. काही स्वस्त डब्यांतल्या चिप त्यावर अडखळतात आणि कर्नल अशांना ओळखून मुद्दाम जुन्या पद्धतीवर ठेवतो. तुमचा डबा नव्या कर्नलच्या त्या यादीत गेला असेल तर तो दोष नाही, खबरदारी आहे.

एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) किंवा ग्राफिक्स कार्डासाठी ‘सुडो एलएसपीसीआय -व्हीव्ही’मध्ये ‘लिंकस्टा’ पाहा. ‘डाउनग्रेडेड’ दिसलं तरी लगेच निष्कर्ष काढू नका. ग्राफिक्स कार्ड रिकामं असताना स्वतःहून वेग उतरवतं. कामाला लावून परत पाहा.

सहा: वीज वाचवण्याच्या सवयी

नवे कर्नल वीज वाचवण्यात जास्त तत्पर होत चालले आहेत. बॅटरीला बरं, पण एखादं उपकरण झोपेतून उठायला वेळ लावतं आणि तोच वेळ आपल्याला मंदपणा म्हणून दिसतो.

वायफाय: ‘आयडब्ल्यू डेव्ह’, वायफायचं नाव, ‘गेट पॉवर_सेव्ह’. ‘ऑन’ असेल तर ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह … सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ देऊन पिंग पुन्हा पाहा. ३०० चे उसळे थांबले तर कारण मिळालं. कायमचं करायला नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरात ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ नावाची फाइल आहे. तिथल्या ३ च्या जागी २ लिहा. दोन म्हणजे बंद, तीन म्हणजे चालू. उलट वाटतं, पण तसंच आहे.

आयडब्ल्यू हाताशी आहे तोवर ‘आयडब्ल्यू रेग गेट’ही देऊन टाका. देश ‘००’ असेल तर कार्ड जगभर चालेल अशा सगळ्यात कडक नियमांवर असतं आणि ५ गिगाहर्ट्झचे बरेच चॅनेल त्याला नीट वापरता येत नाहीत. भारतासाठी ‘आयएन’, परदेशात असाल तर तिथला कोड.

पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत म्हणजे एएसपीएम. डीमेसेजमध्ये ‘पीसीआयई बस एरर, सिव्हिरिटी करेक्टेड’ अशा ओळींचा पाऊस असेल तर संशय इथे घ्या. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीवर ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो, म्हणून न घाबरता करता येतो. फरक पडला तर संपूर्ण एएसपीएम बंद ठेवण्यापेक्षा त्या एका ड्रायव्हरची बंद करा; आरटीडब्ल्यू८८ साठी त्याच्या पीसीआय मॉड्यूलला ‘डिसेबल_एएसपीएम=१’ हा पर्याय आहे. सगळीकडची बंद केली तर लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरेल.

इंटेल ग्राफिक्सवर पडदा अधूनमधून गोठतो किंवा टाइप केलेलं अक्षर क्षणभर उशिरा उमटतं, तर ‘आय९१५.एनेबल_पीएसआर=०’ अशाच पद्धतीनं तपासा. पीएसआरमध्ये चित्र बदललं नाही की पडदा स्वतःच्या मेमरीतलं जुनं चित्र दाखवत राहतो. काही पॅनेलना त्यातून बाहेर यायला उशीर होतो.

एका वेळी एकच पर्याय. चार एकदम टाकून बरं झालं तर कशानं बरं झालं ते कधीच कळत नाही आणि पुढच्या कर्नलला ते चारही छळतात.

सात: सगळंच मंद असेल तर

/सिस/डिव्हायसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स ही फाइल वाचा. उत्तर ‘टीएससी’ हवं. ‘एचपीईटी’ आलं तर डीमेसेजमध्ये टीएससी ‘अनस्टेबल’ ठरवल्याची ओळ सापडेल. वेळ विचारणं हे काम प्रोग्राम सेकंदाला लाखो वेळा करतात. टीएससी प्रोसेसरच्या आतच असतो आणि प्रोग्रामला तो कर्नलचं दार न ठोठावता वाचता येतो. एचपीईटी बाहेरची चिप, दर वेळी कर्नलमधून वळसा, आणि सगळ्या कोअरना मिळून एकच. ब्राउझर, खेळ, डेटाबेस सगळेच त्या एका रांगेत उभे राहतात. कर्नलची घड्याळ-तपासणी आवृत्तीगणिक बदलत आली आहे, त्यामुळे जुन्यावर चाललेलं घड्याळ नव्यावर नापास होऊ शकतं. पहिला उपाय बायोस अपडेट. ‘टीएससी=रिलायेबल’ हा पर्याय तपासापुरता ठीक; घड्याळ खरोखरच भरकटत असेल तर तो चूक दडवतो आणि मग वेळच पुढेमागे होते.

दुसरी फाइल /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूफ्रेक/स्केलिंग_ड्रायव्हर. एएमडीच्या झेन २ पासूनच्या बऱ्याच मशीनवर ६.५ कर्नलनं जुन्या ‘एसीपीआय-सीपीयूफ्रेक’ऐवजी ‘एएमडी-पीस्टेट’ आपोआप चालू केला. त्यात गव्हर्नर (गतीचं धोरण) ‘पॉवरसेव्ह’ दिसतो आणि लोक दचकतात. या ड्रायव्हरात ‘पॉवरसेव्ह’ म्हणजे किमान गती नव्हे. कल कुठे झुकवायचा ते वेगळ्या सेटिंगवर ठरतं. ‘पॉवरप्रोफाइल्ससीटीएल गेट’ देऊन प्रोफाइल ‘पॉवर-सेव्हर’वर अडकलं नाही ना ते बघा. तरीही शंका असेल तर एकदा ‘एएमडी_पीस्टेट=पॅसिव्ह’नं सुरू करून मोजा.

गती ४०० किंवा ८०० मेगाहर्ट्झवर खिळली असेल आणि काहीही केलं तरी हलत नसेल, तर चार्जर मूळचा आहे का ते पाहा. काही लॅपटॉप अनोळखी किंवा कमी वॅटचा चार्जर दिसला की प्रोसेसरचा गळा आवळतात. त्यात कर्नलचा काही संबंध नाही.

आठ: सुरक्षेचं भाडं

‘एलएससीपीयू’च्या शेवटी ‘व्हल्नरेबिलिटी’च्या ओळी येतात. दोन्ही कर्नलवरच्या ओळी ताडून पाहा. जानेवारी २०१८ च्या मेल्टडाउन-स्पेक्टरपासून ही यादी वाढतेच आहे: जुलै २०२२ मध्ये रेटब्लीड, ऑगस्ट २०२३ मध्ये इंटेलवर डाउनफॉल आणि एएमडीवर इन्सेप्शन. प्रत्येकावरचा उपाय कर्नलमध्ये ये-जा करणं किंवा ठरावीक सूचना महाग करतो. म्हणूनच छोट्या-छोट्या वाचन-लेखनांचा मारा असलेली कामं, म्हणजे डेटाबेस, वेगवान नेटवर्क, व्हर्च्युअल मशीन, जास्त भरडली जातात आणि सिनेमा पाहणाऱ्याला काही कळत नाही.

‘मिटिगेशन्स=ऑफ’ एकदाच, मोजण्यापुरतं, नेट काढून. हरवलेले १०-१५ टक्के तेवढ्यानं परत आले तर शोध संपला: ड्रायव्हर ठीक आहे, हा खर्च आहे. ब्राउझर उघडला जातो अशा मशीनवर किंवा दुसऱ्यांचा कोड चालतो अशा सर्व्हरवर हा पर्याय कायम ठेवणं म्हणजे वेगासाठी कुलूप विकणं.

डिस्कच्या शेड्युलरबद्दल (वाचन-लेखनाचा क्रम ठरवणारा भाग) थोडक्यात: ५.० पासून सीएफक्यू, नूप आणि जुना डेडलाइन कर्नलमधून गेले. जुन्या सर्व्हरवर त्या नावांनी लिहिलेली सेटिंग आता निकामी आहे. /सिस/ब्लॉक खाली डिस्कच्या क्यू फोल्डरातल्या शेड्युलर फाइलीत काय आहे ते पाहा. एनव्हीएमईला ‘नन’ चालतं, फिरत्या डिस्कला ‘एमक्यू-डेडलाइन’ किंवा ‘बीएफक्यू’.

नऊ: दोष खरंच कर्नलात आहे

इथवर सगळं तपासून जुना वेगवान आणि नवा मंद असंच राहिलं, तर कुठल्या आवृत्तीत बिघडलं ते शोधा. उबुंटूच्या संकेतस्थळावर मेनलाइनचे तयार कर्नल मिळतात. त्यांच्यावर उबुंटूची सही नसते, म्हणून सिक्युअर बूट बंद करावा लागतो. ५.१५ चांगला आणि ६.८ वाईट असेल तर मधला, म्हणजे ६.१ च्या आसपासचा, आधी लावा. चांगला निघाला तर वरचा अर्धा भाग, वाईट निघाला तर खालचा. चार रीस्टार्टमध्ये दोन शेजारच्या आवृत्त्या हाती लागतात.

त्याच्या पुढे गिट बायसेक्ट. दोन शेजारच्या आवृत्त्यांत बदल हजारोंनी असतात, तरी निम्मे-निम्मे करत सुमारे चौदा वेळा कर्नल बांधून एकाच बदलावर बोट ठेवता येतं. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरलं तर फक्त तुमच्या मशीनला लागणारे ड्रायव्हर बांधले जातात आणि वेळ बराच वाचतो. चौदा बांधण्यांची तयारी नसेल तर दोन शेजारच्या आवृत्त्यांपर्यंतची माहितीही तक्रारीला पुष्कळ वजन देते. उबुंटूसाठी ‘उबुंटू-बग लिनक्स’. मेनलाइनवरही तोच दोष दिसत असेल तर कर्नलच्या रिग्रेशन यादीवर. आधी चालत होतं ते नव्यात मोडू नये हा लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे, त्यामुळे पुरावा असलेली तक्रार गांभीर्यानं घेतली जाते. पण ‘/प्रॉक/सिस/कर्नल/टेंटेड’मध्ये शून्य असू द्या. एनव्हिडिया किंवा दुसरा बाहेरचा ड्रायव्हर चढलेला असताना पाठवलेली तक्रार बहुधा ‘तो काढून पुन्हा पाहा’ म्हणून परत येते.

कुठे हात थांबवायचा

‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ आणि डिस्कचं नाव द्या. ‘रिअॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टरचा आकडा शून्याच्या वर असून वाढत असेल, किंवा एनव्हीएमईवर ‘मीडिया एरर’ दिसत असतील, तर पुढची एकही चाचणी नको. आधी डेटा दुसरीकडे उतरवा. डिस्क टकटक आवाज करत असेल तर तेही स्वतः करू नका. मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. चालू ठेवलेलं प्रत्येक मिनिट त्याचं काम अवघड करतं. फक्त ‘यूडीएमए सीआरसी’चाच आकडा वाढतो आहे? मग डिस्क नाही, केबल.

डीमेसेजमध्ये ‘हार्डवेअर एरर’ आणि ‘मशीन चेक’ अशा ओळी दोन्ही कर्नलवर येत असतील तर दोष प्रोसेसर, मेमरी किंवा मदरबोर्डात आहे. मेमटेस्ट एक रात्र चालवून निकाल सोबत घ्या आणि हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्याकडे जा. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडू नका.

बायोस अपडेट करायचं असेल आणि बॅटरी बाद झाली असेल किंवा वीज बेभरवशाची असेल, तर यूपीएस असलेल्या माणसाकडून करून घ्या. मध्येच वीज गेली तर मशीन सुरूच होत नाही.

ऑफिसचा सर्व्हर असेल, त्यावर बिलिंग किंवा रुग्णांच्या नोंदी चालत असतील, तर दुसऱ्या भागातला जुना कर्नल लावणं एवढंच करा आणि सिस्टम अॅडमिनला किंवा पैसे भरलेल्या सपोर्टला दोन्ही डीमेसेज फाइली द्या. चालू सर्व्हरवर ग्रबचे प्रयोग नकोत. ‘सुडो एपीटी-मार्क होल्ड’ देऊन कर्नलची पॅकेजं रोखून धरता येतात, पण तेव्हापासून कर्नलचे सुरक्षा अपडेटही थांबतात. ज्या दिवशी रोखलं ती तारीख कुठेतरी लिहून ठेवा आणि पुढचा कर्नल आला की ‘अनहोल्ड’ करून पुन्हा मोजा.